शाळा पाड्यावर आली तेव्हा

नूतन बालशिक्षण संघाची स्थापना १९२६ साली भावनगरला झाली, म्हणजे यंदा संघाला शंभर वर्षं होत आहेत. पण आमच्या डहाणू तालुक्यातल्या पाड्यांवर जाऊन ‘संघ कुठं आहे’ असं विचारलंत, तर कुणाला चटकन सांगता येणार नाही. ‘अनुताईंची शाळा’ म्हणा, की म्हातारी माणसंसुद्धा कोसबाडच्या टेकडीकडं बोट दाखवतील. स्मरणिकेसाठी इतिहास लिहायला घेतला तेव्हा मलाही आधी टेकडी दिसली, आणि टेकडीच्याही आधी एक कुरण दिसलं. त्या कुरणात माझी पहिली शाळा भरली. शिकवणाऱ्या ताई कोसबाडला तयार झालेल्या होत्या. त्यांच्याबद्दल पुढं लिहितेच. पण भावनगरात निघालेली शाळा आमच्या शेळ्यांपर्यंत कशी पोचली, ते आधी सांगायला हवं.

गिजुभाई बधेका मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता ते मॉंटेसरीबाईंच्या पुस्तकांपर्यंत आले, वकिली सोडली, १९१६ मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाले आणि १९२० मध्ये तिथं त्यांनी बालमंदिर सुरू केलं. छडीवाचून शाळा चालू शकते, हे त्या काळी लोकांना पटवून सांगावं लागे. गिजुभाईंनी ते सांगत न बसता चालवून दाखवलं. मुलांवर त्यांची इतकी माया, की लोक त्यांना ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशा असलेली आई, म्हणू लागले.

त्यांच्या जोडीला आल्या ताराबाई मोडक. माहेरच्या केळकर, जन्म १८९२ चा, मुंबईतल्या प्रार्थना समाजाच्या घरातला. वडील सुधारक, आईचा पुनर्विवाह झालेला. त्या घरानं मुलीला शिकवलं आणि १९१४ साली ताराबाई बी.ए. झाल्या. लग्न होऊन त्या अमरावतीला गेल्या, पण संसार टिकला नाही. लहान मुलीला घेऊन त्यांनी राजकोट गाठलं आणि तिथल्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्रमुख झाल्या. ती जागा त्यांच्याआधी कुठल्याही भारतीय बाईला मिळालेली नव्हती. मानाची, भरवशाची नोकरी होती ती. एकट्या बाईनं, पदरात मूल असताना, अशी नोकरी सोडून अडीच-तीन वर्षांच्या पोरांबरोबर जमिनीवर बसायला भावनगरला जायचं, याला काय म्हणावं? मी स्वतः जन्मभर सरकारी पगारावर जगले आहे. दर महिन्याचा पगार सोडून देणं काय असतं ते मला कळतं, म्हणून ताराबाईंच्या चरित्रातलं हे पान मला सगळ्यांत मोठं वाटतं.

या दोघांनी १९२६ मध्ये संघ काढला. शिक्षकांना तयार करायचं, आईबापांना समजावायचं, मुलांसाठी आणि मुलांबद्दल लिहायचं, असं ते काम होतं. ‘शिक्षणपत्रिका’ आधी गुजरातीत आणि पुढं मराठीतही निघू लागली. १९३६ मध्ये ताराबाई मुंबईला आल्या आणि दादरला त्यांनी शिशुविहार सुरू केलं. १९३९ मध्ये गिजुभाई गेले. संघाची धुरा ताराबाईंवर आली.

दादरची शाळा उत्तम चालली होती. तरीही ताराबाईंना एक गोष्ट सलत होती. मॉंटेसरीचं साहित्य महाग. लाकडी दट्टे, मनोरे, मण्यांच्या माळा, हे सगळं शहरातल्या खाऊनपिऊन सुखी घरांच्या मुलांपर्यंतच पोचत होतं. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर गांधीजींची नई तालीम देशभर चर्चेत होती, आणि शिक्षण खेड्याच्या ऐपतीत बसलं पाहिजे हा विचार हवेत होता. ताराबाईंचं वय पन्नाशीच्या पुढं गेलेलं. त्या वयात माणसं आवरतं घेतात. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डी गाठली आणि ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं.

बोर्डी म्हणजे समुद्रकाठचं, चिकूच्या वाड्यांचं गाव. आचार्य शं. रा. भिसे यांच्यासारख्या माणसांमुळं तिथं शिक्षणाची हवा आधीपासून होती. पण गावातल्या शाळेत जाणारी मुलं वेगळी आणि कडेच्या वस्त्यांतली, वरच्या पाड्यांवरची मुलं वेगळी. त्या वर्षी आमच्या भागात आणखी काय चाललं होतं तेही लक्षात ठेवायला हवं. वेठबिगारीविरुद्ध वारली उठले होते. शामराव आणि गोदावरी परुळेकर पाड्यापाड्यांतून फिरत होते. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला गोळीबार झाला, त्यात आमची माणसं मारली गेली. पांढऱ्या कपड्यातलं माणूस पाड्यावर आलं, की सावकार आला, ठेकेदार आला, नाहीतर जंगलखात्याचा शिपाई आला, असंच आमच्या आजा-आज्यांना वाटायचं. पोरं रानात पळायची. अशा पाड्यांवर पाटी-पेन्सिल घेऊन बायका आल्या.

त्या बायकांत पहिलं नाव अनुताई वाघ यांचं. जन्म १९१० चा, मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि काही महिन्यांतच नवरा वारला. त्या काळी अशा मुलीचं पुढं काय व्हायचं ते वेगळं सांगायला नको. अनुताई शिकल्या, शिक्षिका झाल्या, पुण्यात हुजूरपागेत त्यांनी बरीच वर्षं शिकवलं. १९४५ मध्ये कस्तुरबा ट्रस्टच्या बोरिवलीच्या शिबिरात त्यांची आणि ताराबाईंची गाठ पडली. ताराबाईंबरोबर त्या बोर्डीला आल्या त्या कायमच्याच. त्यांच्या पदवीची गोष्ट आमच्या शिक्षक मंडळींत अजून सांगितली जाते: अनुताई बी.ए. झाल्या तेव्हा पन्नाशी ओलांडलेली होती.

आता या इतिहासातला माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा भाग. बोर्डीत बालवाडी सुरू झाली. जागा होती, साहित्य होतं, शिकवणाऱ्या होत्या. वस्तीतली मुलं मात्र आली नाहीत.

अशा वेळी शाळा काय करते, हे मी नोकरीत असताना खूप पाहिलं आहे. आईबाप अडाणी आहेत, त्यांना शिक्षणाचं महत्त्व नाही, असा शेरा पडतो आणि हजेरीपट मिटतो. ताराबाई आणि अनुताई वस्तीत जाऊन बसल्या आणि मुलं का येत नाहीत ते बघू लागल्या. कारणं सगळी डोळ्यांसमोरच होती. आई उजाडायच्या आत मजुरीला जाते. पाच-सहा वर्षांची पोर धाकट्याला कडेवर घेऊन घर राखते. अंगावर धड कपडा नाही, म्हणून चांगल्या वस्तीतून चालत जायची लाज वाटते. तिथं कुणी हाकलेल ही भीती तर आहेच. मूल बालवाडीपर्यंत येऊ शकत नाही ना, मग बालवाडीच मुलाच्या अंगणात न्यायची, असं ठरलं. झाडलेल्या, सारवलेल्या अंगणात पोरं गोळा करायची, त्यांना आंघोळ घालायची, नखं काढायची, केस विंचरायचे, आणि मग गाणी, गोष्टी, खेळ. हे सगळं आईच्या, आजीच्या डोळ्यांदेखत. कडेवरचं मूलही चालेल, त्यालाही बसवा. अंगणात भरते म्हणून ती अंगणवाडी.

हा शब्द आज देशभर आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळालं. आज देशात जवळपास १४ लाख अंगणवाड्या आहेत. त्यांतल्या कित्येक ताईंना हे नाव बोर्डीच्या वस्तीतल्या अंगणातून आलं हे ठाऊक नसतं. बाकी काही नाही तरी एवढं त्यांच्या प्रशिक्षणात पहिल्या दिवशी सांगितलं गेलं पाहिजे.

साहित्याचा प्रश्नही तिथंच सुटला. बोर्डीच्या किनाऱ्यावर शिंपल्या पडलेल्या. वाडीत चिकूच्या काळ्या चकचकीत बिया. चिंचोके, गुंजा, नदीतले गोटे, सागाचं खरखरीत पान, केळीचं मऊ पान. बांबूच्या पेरात तांदूळ घातले की एक आवाज, खडे घातले की दुसरा, वाळू घातली की तिसरा. मॉंटेसरीबाईंनी स्पर्शाचं, आवाजाचं, आकाराचं जे शिक्षण सांगितलं, ते सगळं रानात फुकट मिळत होतं. ज्या मुलांकडं विकतचं एक खेळणं नव्हतं, त्यांच्या हातांना या वस्तू जन्मापासून ओळखीच्या होत्या.

पुढं पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धात केंद्र बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि काम पुरतं वारल्यांमध्ये सुरू झालं. तिथं विकासवाडी उभी राहिली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. ही रचनासुद्धा पाड्यावरची घरं बघूनच केलेली. मोठ्या बहिणीला शाळेत यायचं तर धाकट्याला कुठं टाकणार? त्यालाही घेऊन ये, त्याला पाळण्यात ठेव, मधल्याला बालवाडीत बसव आणि तू वर्गात ये. आमच्या पाड्यावरच्या मोठ्या मुली शिकल्या त्या या एका सोयीमुळं. माझी एक चुलत बहीण पाठीवर भाऊ बांधून शाळेत जायची. तो भाऊ पुढं त्याच शाळेत शिकला.

तरीही काही मुलं उरलीच. ढोरं, शेळ्या वळणारी. ती सकाळी निघत ती दिवेलागणीला परतत. त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली. शिक्षकानंच कुरणात जायचं.

मी त्यांतली. आमचा पाडा म्हणजे कारवीच्या कुडाची पंधरा-वीस घरं. साठच्या दशकाची मधली वर्षं असावीत. मला सात-आठ वर्षं असतील. जन्मतारीख पुढं शाळेनंच लावली, त्यामुळं नक्की सांगता येत नाही. माझ्याकडं सतरा शेळ्या होत्या, आमच्या आणि शेजाऱ्यांच्या मिळून.

ताई पहिल्या दिवशी आल्या तेव्हा आम्ही करवंदीच्या जाळीमागं लपलो. त्यांनी हाका मारल्या नाहीत. झाडाखाली बसल्या, पिशवीतून बांबूची दोन पेरं काढली आणि वाजवू लागल्या. एका पेरातून वरई पडल्यासारखा आवाज येत होता. आम्ही एकेक करून जवळ गेलो. दुसऱ्या दिवशीही त्या आल्या, तिसऱ्या दिवशीही. त्यांच्या पिशवीत काय काय असायचं ते मला आजही पाठ आहे: लाकडी फणी, खोबरेल तेलाची छोटी बाटली, दोन पाट्या, खडूचे तुकडे, एक पितळी घंटा आणि जुन्या साडीची चौकोनी फडकी. फडकं अंथरलं की शाळा भरली.

एक दिवस त्यांनी मला विचारलं, “तुझ्या शेळ्या किती?” मला मोजता येत नव्हतं. मी म्हटलं, “आहेत त्या सगळ्या.” त्या हसल्या नाहीत. त्यांनी पुढं विचारलं, “एखादी कमी झाली तर तुला कळतं?” मी म्हटलं, “बघितलं की कळतं.” मग त्यांनी मला गोटे वेचून आणायला सांगितले. एकेका शेळीचं नाव घ्यायचं आणि एकेक गोटा ओळीत ठेवायचा. काळी, बांडी, मोडक्या शिंगाची, तिचं करडू. ओळ पूर्ण झाली तेव्हा त्यांनी गोट्यांवर बोट ठेवत सतरापर्यंत मोजलं. मग पाच-पाचचे ढीग केले. तीन ढीग आणि वर दोन. “रोज संध्याकाळी निघताना गोटे मांडून बघ,” म्हणाल्या. पुढं कितीतरी दिवस मी तसं करत होते. अंक मी असे शिकले. नंतर छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांतून पहिली-दुसरीला गणित शिकवलं आणि प्रत्येक नव्या वर्गाला पहिल्या दिवशी विचारत आले, की तुमच्या घरी कोण कोण आहे, त्यांच्या नावाचा एकेक खडा ठेवा.

आणखी एक गोष्ट. ताई आमची बोली शिकल्या. झाडाचं, पाखराचं आमचं नाव त्या आधी विचारायच्या, स्वतः म्हणून बघायच्या, आणि त्यांचा उच्चार चुकला की आम्ही खदखदून हसायचो. आम्ही हसलो की त्याही हसायच्या आणि पुन्हा म्हणायच्या. मगच त्या पुस्तकातलं नाव सांगायच्या. आपलं बोलणं चुकीचं आहे असं त्या वर्षांत आम्हाला एकदाही वाटलं नाही. याचं मोल मला फार लवकर कळलं. पुढं एका मोठ्या शाळेत गेले तेव्हा मी उत्तर देताना तोंडून वारली शब्द गेला आणि शिक्षकांसकट सगळा वर्ग हसला. ते हसणं निराळं होतं. त्यानंतर बरेच महिने मी वर्गात तोंड उघडलं नाही. शाळा सोडायचं मनात होतं. नाही सोडली, याचं कारण कुरणातल्या त्या बाई. शिक्षक असेही असतात हे मी आधी पाहिलेलं होतं, म्हणून सगळे शिक्षक हसणारेच असतात यावर माझा विश्वास बसला नाही.

पावसाळ्यात कुरणशाळेचे हाल व्हायचे. आवणीच्या दिवसांत लहानमोठं सगळं घर शेतात. ताई चपला हातात घेऊन बांधावरून यायच्या, चिखल गुडघ्यापर्यंत, छत्री वाऱ्यानं उलटलेली. कुणाच्या तरी पडवीत फडकं अंथरायच्या. दोन मुलं असली तरी शाळा भरायची. एकदा मी एकटीच होते. त्या दिवशी त्यांनी माझे केस विंचरले, तेल लावलं, दोन वेण्या घातल्या, आणि एक गोष्ट सांगितली. तीही शाळाच होती. माझ्या आईनं त्या वेण्या तीन दिवस सोडू दिल्या नाहीत.

अनुताईंना मी दुरूनच पाहिलं; बोलण्याचा योग आला नाही. पण इतक्या वर्षांनी मागं बघताना एक गोष्ट मला स्पष्ट दिसते. आमच्या ताई जे वागत होत्या ते त्यांच्या एकट्यांचं नव्हतं. आधी बघा, मग शिकवा, ही भावनगरपासून चालत आलेली रीत होती, आणि कोसबाडच्या अध्यापन वर्गातून ती शेकडो बायकांच्या हातात गेली. त्यांतल्या कुणी विधवा होत्या, कुणी टाकलेल्या, कुणी सातवी पास झालेल्या खेड्यातल्या मुली. टेकडीवर राहायचं, पाड्यावर जायचं, पोरांची शेंबडं पुसायची, रात्री कंदिलाच्या उजेडात दुसऱ्या दिवसाची तयारी करायची. संस्थेचा इतिहास म्हणतात तो या पायपिटीनं घडला आहे.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळालं. १९७३ मध्ये त्या गेल्या. त्यानंतर अनुताईंनी जवळजवळ वीस वर्षं टेकडी सांभाळली. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे त्यांचं पुस्तक ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी, विशेषतः शिक्षकांनी, जरूर वाचावं. पुढं त्यांना पद्मश्री मिळाली. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचं निधन झालं. आमच्या भागात तेव्हा भात पोटरीवर होतं; बातमी ऐकली तेव्हा मी एका पाड्याच्या शाळेत वर्ग घेत होते. वर्गातल्या सतरा-अठरा मुलांना मी सांगितलं, की तुमच्या आयांना शाळेत आणणाऱ्या बाई आज गेल्या.

आता डहाणू तालुका पालघर जिल्ह्यात आहे. पाड्यापाड्यांवर अंगणवाडी आहे, पोषण आहार आहे, वजनकाटा आहे, आणि अंगणवाडी ताईंच्या हातात मोबाइल आहे, ज्यात रोज माहिती भरावी लागते. माहिती भरावी, ती लागते. पण त्या भरण्यातून वेळ काढून मुलाकडं बघायला त्यांना मोकळीक मिळाली पाहिजे, आणि मानधन माणसानं मान वर करून घ्यावं असं असलं पाहिजे. शताब्दीच्या निमित्तानं सरकारकडं काही मागायचं झालं तर मी एवढंच मागेन.

राहिली एक विनंती. ताराबाई आणि अनुताई यांची चरित्रं आहेत, फोटो आहेत, तारखा आहेत. टेकडीवरून पाड्यांवर गेलेल्या ताईंची नावं मात्र एकत्र कुठं लिहिलेली मला आढळली नाहीत. आमच्या कुरणातल्या ताईंना आम्ही नुसतं ‘ताई’ म्हणायचो. दोन पावसाळ्यांनंतर त्यांची बदली झाली, की त्यांचं लग्न झालं, तेही आम्हाला कुणी सांगितलं नाही. मोठी झाल्यावर मी पुष्कळ विचारलं, नाव मिळालं नाही. तेव्हा ही स्मरणिका ज्यांच्या हाती पडेल त्यांनी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावं, की तुम्हाला पहिली पाटी कुणी दिली. ताईंचं नाव, गाव, पाड्याचं नाव लिहून कोसबाडला कळवावं. साल आठवत नसेल तर त्या वर्षी पाऊस कसा होता, घरात काय घडलं होतं, एवढं लिहिलं तरी चालेल. आणि साठच्या दशकात आमच्या घोलवडकडच्या पाड्यांवर पितळी घंटा घेऊन जाणाऱ्या ताई कोण होत्या हे कुणाला ठाऊक असेल, तर तेही अवश्य कळवावं.